फ्रीजमागचा नळ

१९६०च्या दशकात मी अकोल्यात वकिली करायचो. आमच्या गल्लीतला पहिला फ्रीज माझ्याकडे आला. बर्फ करायचा तर याला नळ जोडावा लागणार, असं मीच ठरवलं आणि फिटरला बोलावलं.

"साहेब, याले पाणी हातानंच भरा लागते," तो म्हणाला.

"तुले काय समजते फ्रीजातलं?" मी खेकसलो. त्यानं फ्रीजमागे नळ काढून दिला.

पुढे तो बिनकामाचा नळ पाहून कोणी हसलं, की हा फिटरचा अडाणीपणा, असं मी सांगायचो. एकदा तोच मोरीत पाइप बसवत होता, तेव्हाही मी पाहुण्यांना तेच सांगितलं. त्यानं मान वर केली.

"हो जी, माहीच चूक झाली."

कोर्टात असला खोटा कबुलीजबाब मी चालू दिला नसता. घरात पाहुण्यांबरोबर हसलो.