जीपचा खांदा

इसरू पेंदामचा जगात एकाच वस्तूवर विश्वास होता, तो म्हणजे त्याच्या जीपवर. माणसांचं म्हणाल तर राम राम. हॉटेलात चहा सांगितला की हा पातेल्यात डोकावणार, दूध किती अन् पाणी किती. कुणी रस्त्यात थांबून "कसे आहा, इसरूभाऊ?" विचारलं, की हा मनात म्हणणार, याचं माह्याशी काय काम असंल? त्याची बायको सुकरी सांगायची, "लग्नाच्या मांडवात यानं मले पाह्यलंच नाई, माह्यामांगं कोण उभं हाय ते पाह्यलं." हे ती हसत सांगायची. पण सांगायची फार वेळा.

गाव सिंदेवाहीपासून आत, जंगलात. मधे एक नाला, त्याला दोन्हीकडून उतार. गावाकडच्या उतारावर तर डाव्या हाताला सरळ खोल दरड. पावसाळा लागला की एस.टी. नाल्याच्या पलीकडूनच हात जोडते, मग गावाला आधार इसरूच्या जीपचा. गाडी जुनी, रंग उडालेली, पण चारही चाकांचा जोर लावून चिखलातून अशी निघायची की बघणाऱ्याला वाटावं, हिला पाय आहेत. बाळंतीण असो, तापानं फणफणलेलं पोर असो नाहीतर खताची पोती, सगळं त्याच जीपमधून जायचं. उतारावर ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी थांबणार, एवढ्या एका भरवशावर लोक तिच्यात बसत.

त्या उन्हाळ्यात घरचा एक बैल गेला. जोडीचा दुसरा एकटा काय करणार? तो मावसभावाला देऊन टाकला. गोठा रिकामा झाला, तिथं जीप उभी राहू लागली. इसरू तिची डावी बाजू भिंतीला अशी चिकटवायचा की मधून मांजरही जाऊ नये. "एका अंगानं त काळजी मिटली," म्हणायचा. चावी करदोड्याला बांधलेली. झोपेतसुद्धा हात तिच्यावर.

घरात त्याची माय धुरपता, सुकरी आणि धाकटा भाऊ आदेश. बाप लवकर गेला, तेव्हा आदेश रांगत होता. इसरूनंच त्याला खांद्यावर बसवून बाजार दाखवला, शाळेत घातलं. आता तो मिशी फुटलेला बाप्या झाला होता, आणि त्याला एकच वेड, जीप चालवायची. इसरू चावी देईना. "गाडी म्हंजे खेळणं नोहे," म्हणायचा. खरं कारण वेगळंच होतं. आदेश शिकला तर गाडीत आपल्याशिवाय दुसरं कुणी बसेल, आणि दुसरं कुणी म्हटलं की इसरूचा भरवसा संपला. पोळ्याच्या आठवडाभर आधी दोघांची यावरून चांगलीच जुंपली. चावडीपाशी, चार लोकांत आदेश भडकून बोलून गेला, "ठेव कवटाळून! एक दिवस हे गाडीच नाल्यात नेईल तुले!"

माणूस रागात काय बोलत नाही? पण इसरूनं ते वाक्य जपून ठेवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमारास, इसरू बाहेरून आला तर आदेश जीपच्या पुढच्या चाकापाशी बसलेला. भावाला बघताच तटकन उठला आणि हात पँटला पुसले.

"काऊन रे? काय करून राह्यला इथी?"

"काई नाई."

"काई नाई म्हंजे?"

"काई नाई म्हंजे काई नाई, दादा." असं म्हणून तो घरात गेला. इसरूनं बोनेट उघडून पाहिलं, टायर दाबून पाहिले, डिझेलच्या झाकणाचा वास घेतला. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून त्याला जास्तच वाटलं की काहीतरी आहे.

पोळ्याच्या सकाळी सणाचं सामान आणायला निघालेल्या बाया घेऊन तो सिंदेवाहीला निघाला. सपाटीवर गाडी झकास. उतार लागला, त्यानं ब्रेकवर पाय ठेवला, आणि अगं माय! स्टिअरिंग हातात थरथरू लागलं, समोरचा सगळा भाग खडखडला आणि गाडी सरळ डावीकडे, दरडीकडे ओढायला लागली. मागच्या बाया किंचाळल्या. इसरूनं ब्रेक सोडला, गिअर खाली टाकला, सगळं अंग स्टिअरिंगवर लोटून गाडी उजवीकडच्या टेकाडाला घासत नेली आणि तशीच खाली उतरवली. नाल्यापाशी बाया पटापट उतरल्या. "आम्ही पायी जातो, बाप्पा," म्हणाल्या आणि मागं वळूनही न बघता गेल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. इसरूच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. हे गाडीच नाल्यात नेईल तुले.

सिंदेवाहीला नागसेनचं गॅरेज. नागसेन मेश्राम हा या भागातल्या जुन्या जीपांचा डॉक्टर. इसरू पहिल्यापासून त्याच्याकडेच जायचा, आणि पहिल्यापासून काम होईस्तोवर त्याच्या डोक्यावर उभा राहायचा, न जाणो हा चांगला पार्ट काढून सडका बसवेल.

"थरथरते कव्हा, इसरूभाऊ? पळतानी का ब्रेक मारतानी?"

"काऊन? त्यानं काय फरक पडते?"

"फरक कसा नाई? पळतानी थरथरली त चाक, टायर, टायरॉड, काईही असू शकते. नुसती ब्रेक मारतानी थरथरली त दुखणं ब्रेकमधी." नागसेन स्वतः गाडी घेऊन रस्त्यावर एक फेरी मारून आला. इसरू बाजूला बसून त्याच्या पायांकडे बघत होता. पळताना गाडी मुकाट, ब्रेक मारला की डावीकडे ओढ.

मग नागसेननं समोरून जॅक लावला. चाक वर-खाली धरून हलवलं, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. "बेअरिंग बरोबर. टायरॉड बरोबर. काईच बदलाचं काम नाई."

घ्या, आता बोला. मेकॅनिक म्हणतो काही बदलायला नको! इसरूच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं स्वतः चाक हलवून पाहिलं, दोनदा पाहिलं. नागसेन हसला. "भाऊ, बदला म्हटलं तरी तुमाले डाऊट, बदलू नका म्हटलं तरी डाऊट. म्या करू तरी काय?"

डावं चाक काढलं, आत सगळं कोरडं ठाक. उजवं काढलं आणि नागसेन थांबला. चाकाच्या आतली लोखंडी चकती, जिला ब्रेकचे पॅड दोन्हीकडून चिमटीत धरतात, ती चकचकत होती. त्यानं बोट फिरवलं, बोट घसरलं.

"हे पाहा. या चाकाचा ब्रेक धरतच नाई, घसरते. डावा एकटा धरते, म्हणून गाडी डावीकडे जाते."

"तेल गळलं असंल."

"कुठून? ब्रेकऑईल भरून हाय. नळी कोरडी हाय. आतलं ग्रीसही जागच्या जागी." नागसेननं बोट नाकापाशी नेलं, भुवई चढवली. "हे गाडीचं तेलच नोहे. घ्या, वास घ्या. वरून टाकलं कोणीतरी. पॅड पिऊन बसले, नवेच टाका लागतील. घरी कोण हात लावते गाडीले?"

इसरूनं वास घेतला. जळका वास, तरी कुठंतरी ओळखीचा, घरातला. एरवी पाण्याचाही वास घेऊन पिणारा हा माणूस, पण आज त्याचं नाक बंद होतं. घरातला वास म्हणजे घरातला माणूस, एवढंच त्याला कळलं. करणीबिरणीचा विचार क्षणभर आला आणि गेला. भूत ब्रेकला हात लावत नाही, माणूस लावतो. आणि तो माणूस काल चाकापाशी बसला होता. हात पँटला पुसत होता.

पॅड बदलले, चकती घासून साफ झाली. गाडी पुन्हा पहिल्यासारखी सरळ थांबू लागली. इसरू मात्र सरळ राहिला नव्हता. रस्ताभर तो स्वतःशी बोलत आला. ज्याला खांद्यावर घेऊन वाढवलं त्यानं! त्याच्या छातीत राग होता आणि रागाच्या खाली रडू होतं. रडू त्यानं वर येऊ दिलं नाही.

गावात पोळा भरला होता. तोरणाखाली बैल ओळीनं उभे, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, झडत्यांची, म्हणजे पोळ्याच्या गाण्यांची, चढाओढ लागलेली. आदेश शेजारच्या देवरावच्या बैलाचा कासरा धरून उभा होता, कारण पेंदामांच्या घरी यंदा बैल नव्हता. इसरूनं जीप तोरणापाशीच थांबवली आणि उतरला.

"हा पाहा माहा भाऊ!" तो ओरडला. झडत्या थांबल्या. "ब्रेकवर तेल टाकलं यानं! सकाळी बायासंगट दरडीत गेलो असतो म्या! चावी नाई देल्ली म्हणून जीव घेते हा!"

"म्या काईच नाई टाकलं, दादा."

"मंग काल चाकापाशी काय करत होता? सांग सगळ्यायले! सांग ना!"

आदेशनं तोंड उघडलं. एकदा घराच्या दिशेनं पाहिलं. मग तोंड मिटलं.

"पाह्यलं? हाय का उत्तर?"

"तुले असं वाटते, दादा?" आदेश हळूच म्हणाला.

"वाटत नाई. मालूम हाय मले. आजपासून तू माह्या घरचा नाई."

आदेशनं कासरा देवरावच्या हातात दिला. घरी जाऊन पिशवी भरली आणि नाल्याच्या वाटेनं चालू लागला. देवराव म्हणाला, "इसरू, सणाच्या दिवशी असं करू नये बाबा." इसरूला वाटलं, हाही त्यातलाच दिसतो.

जीप गोठ्यात लावून तो घरात पाणी प्यायला, बराच वेळ एकटाच बसून राहिला. मग बाहेर आला तर गोठ्यात माय. धुरपताचे डोळे अधू, कंबर वाकलेली. एका हातात ताट, ताटात पुरणपोळी, वडे, अंबाडीची भाजी. दुसऱ्या हातानं ती जीप चाचपत होती. दिवे चाचपले, जाळी चाचपली, बंपर चाचपला.

"माय, काय करून राह्यली?"

"इसरू होय का? बरं झालं आला. इचं तोंड कुठी हाय रे?"

"तोंड?"

"काल खांद शेकला न इचा. आपल्या घरी बैल नाई राह्यला. मंग कमवून कोण राह्यलं? हेच न? पळसाच्या पानानं तूप-हळद लावलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाले लावतो तसं. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हटलं. आवतन देऊन उपाशी ठेवू काय? आदेशनं चाक दाखवलं मले, तूप त्यानंच गरम करून आणलं. त्या बाजूनं भिंत, हातच जाईना. इकडच्या खांद्याले दोन्ही वाटे लावले. चाकाच्या आतून, जिथी जोर लागते तिथी." ती थांबली. "तुले सांगू नको म्हटलं म्या त्याले. गाडीले हात लावला त तू चिडते."

इसरू भिंतीला टेकला. तो वास! तुपाचा, हळदीचा, जळक्या सणाचा वास. डाव्या अंगाची काळजी मिटावी म्हणून भिंतीला गाडी चिकटवली होती; त्यानंच सगळं तूप उजव्या चाकावर गेलं. आणि आदेश तोरणाखाली गप्प राहिला होता, कारण सगळ्या गावासमोर त्याला मायचं नाव घ्यायचं नव्हतं.

"आदेश कुठी हाय? जेवाले बोलाव त्याले," माय म्हणाली.

"आणतो," इसरू म्हणाला. त्यानं तिचा हात धरून बोनेटवर ठेवला. "माय, इचा खांदा तिथी नाई. इथी हाय. पुढच्या वर्षी इथी लाव, पाह्यजे तेवढं लाव."

"मंग तोंड?"

"तेही इथीच."

तिनं समाधानानं पोळी बोनेटवर ठेवली. ती पडू नये म्हणून इसरूनं गाडी हळूच काढली. वळणावर पोळी पडलीच. तो थांबला, उतरला, पुसून डॅशबोर्डवर ठेवली.

नाला ओलांडून पलीकडचा चढ चढल्यावर आदेश दिसला. पिशवी खांद्यावर, मान खाली. मागून जीपचा आवाज आला तसं त्यानं वळून पाहिलं. गाडी बघितली, समोरची चाकं बघितली, आणि रस्ता सोडून थेट झुडपात शिरला, कमरेइतक्या रानात, जेवढं आत जाता येईल तेवढं. गाडी येताना माणूस एवढा दूर सरतो कधी? ब्रेक लागेल याची खात्री नसली तरच. नाहीतर चालवणाऱ्याचीच खात्री नसली तर.

ते इसरूनं बघितलं. त्यानं ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली.

"माय बोलली मले," तो खाली उतरून म्हणाला. "सगळं सांगितलं."

"तिच्यावर चिडला काय?" आदेशनं झुडपातूनच विचारलं.

"नाई."

"मंग ठीक हाय."

"चूक माह्या हातून झाली, आदेश. चार लोकांत झाली. आता चार लोकांत सांगन. चाल घरी." त्यानं करदोड्याची चावी सोडली. गाठ इतकी जुनी की सुटता सुटेना, दातानं सोडली. "घे. तू चालव. म्या बाजूले बसतो."

आदेशनं चावीकडे पाहिलं. कधीपासून त्याला ती हवी होती. पण हात पुढं आला नाही.

"नको, दादा. उद्या काई वाजलं, काई गळलं, त पुन्हा माह्यंच नाव."

चावी धरून इसरू तसाच उभा राहिला. शेवटी आदेश झुडपातून बाहेर आला. समोर बसला नाही. मागं चढला, सवारी बसते तिथं, पिशवी मांडीवर घेऊन.

जीप वळली. नाल्याचा उतार लागला. इसरूनं सवयीनं आरशात पाहिलं. मागची सवारी काय करते ते आरशातून बघायची त्याची जुनी खोड. आरशात आदेश होता. दोन्ही हातांनी लोखंडी दांडा घट्ट धरलेला, नजर भावाच्या पायावर, ब्रेकवर.

"घाबरू नको रे," इसरू म्हणाला. "ब्रेक बरोबर हाय."

आदेशनं दांडा सोडला नाही.