उलाळ

दारात आलेल्या माणसाला पाणी विचारण्याआधी त्याचं वजन विचारणारे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला, माझ्या घरापासून चौथ्या घरात ते एकटे राहत. "किती भरता?" एवढाच प्रश्न. मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तर. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "एकोणऐंशी. बुटासकट सांगत जा." मग पाणी आणलं.

दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात पंचवीस किलोच्या पोत्यात पंचवीसच किलो जातात की नाही, हे पाहण्यात या काकांची नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर पोती गेली, सवय राहिली. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत प्रमुख पाहुणे 'आपली संस्कृती' या विषयावरचं पाचवं पान वाचत होते आणि आम्ही भुकेल्या पोटी संस्कृतिरक्षण करत होतो. पुढच्या काही हुशार लोकांनी मात्र ताटल्या भरून घेतल्या होत्या. काका भिंतीला टेकून त्या कागदी ताटल्या पाहत होते. "त्या बाईची ताटली पाहा, पुणेकर," ते माझ्या कानाशी म्हणाले, "सारं वजन एकाच कडेला. उलाय होते आता." तेवढ्यात छोले बाईंच्या पैठणीवर आले. त्या संध्याकाळी सभागृहात सिद्ध झालेलं हे एकमेव विधान.

'उलाय' म्हणजे काय ते मला कळलं नाही. मी पुण्याचा, न कळलेला शब्द चुकीचाच असणार असं धरून चालणारा. काकांनी पेपर नॅपकिनवर लिहून दाखवलं : उलाळ. त्यांच्या वऱ्हाडात बोलताना ळचा य होतो. लिहिताना मात्र ते ळ काढत, चांगला वळणदार. गाडीत मागे वजन जास्त झालं की पुढची बाजू वर उचलली जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. ती गाडी उलाळ. त्यांचे वडील जिनिंग फॅक्टरीत कापसाची बंडी हाकत. "बंडी उलाय झाली की बाबा मले समोर बसवत," काका म्हणाले. "माझी पहिली नोकरी तीच. वजन."

मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा ते यूट निवडत होते. यूट म्हणजे इथला पिकअप : पुढे माणसं, मागे उघडा हौदा. न्यूझीलंडमध्ये ज्याला आयुष्यात एकही मेंढी पाळायची नाही, तोही यूट घेतो. काकांना मात्र कारण होतं. त्यांनी एक भली मोठी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं घर, घेऊन ठेवली होती. आत स्वयंपाकाची जागा, मोठा पलंग, बैठकीचा होणारा दुसरा पलंग आणि अगदी मागच्या टोकाला मुलांसाठी एकावर एक दोन बिछाने. लोक आधी घोडा घेतात, मग टांगा. काकांनी आधी टांगा घेतला आणि घोड्यासाठी दोन वर्षं घालवली.

बिछाने कोणासाठी ते त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मुलगा अनिकेत ऑकलंडच्या ईस्ट टामाकीला एका गोदामाचा मॅनेजर. सून, नात रिया, नातू ओम. येत्या उन्हाळ्यात पाचही जणांनी दक्षिण बेटाच्या पार टोकापर्यंत जायचं. काकू गेल्यापासून मुलाकडची मंडळी वर्षातून दोनदा येत आणि जेवून परत जात. दीड तासाच्या रस्त्याला मुक्काम कशाला लागतो? काकांनी ओळखलं होतं की थांबायला लावायचं तर घरालाच चाकं हवीत. आमंत्रण त्यांनी दिलं होतं. अनिकेतनं "साउंड्स ग्रेट, बाबा" असं म्हटलं होतं. काकांनी याचं मराठी भाषांतर 'हो' असं केलं. मी केलं नसतं. पण मला विचारलं कोणी?

शोरूममध्ये ते मला साक्षीदार म्हणून नेत. विक्रेता दार उघडून देई आणि म्हणे, "साडेतीन टन, मेट. शी'ल टो एनिथिंग." काका त्या 'एनिथिंग'वर थांबत. "टो तो करेगी," त्यांचं इंग्रजी घाईत हिंदीकडे वळे, "बट विल शी स्टॉप?" मग खिशातून कागद निघे. त्यावर एकाखाली एक नावं : मी ६६, अनिकेत ८२, सूनबाई ५८, रिया ३१, ओम २४. ही माणसं आत बसली, जोडावर कॅरॅव्हॅनचा भार आला, हौद्यात सामान ठेवलं, तर ओढायला किती उरतं? विक्रेता माहितीपत्रक उलटंपालटं करी. "एका अंगात तीन पैलवान दाखवतात हे लोक," काका बाहेर आल्यावर म्हणत. "ओढणारा, उचलणारा, पळणारा. पण एका वेळी एकच येते."

एक यूट त्यांनी नाकारली, कारण मागची पाठ सरळसोट होती. ओमची मान अवघडेल. दुसरी देखणी होती, पण मागचा आस फार पुढे आणि जोड फार मागे : "ही पहिल्याच चढावर नाक वर करते." तिसऱ्या शोरूममधला मुलगा समजूतदार होता. यादी वाचून त्यानं हळूच विचारलं, एरवी तुमच्याबरोबर कोण असतं? काका म्हणाले, कोणी नाही. मग छोटी कॅम्परव्हॅन पुरे की, तो म्हणाला, हीप्स चीपर, कितीतरी स्वस्त. काकांनी कागदाची घडी घातली. "पोरगा चांगला आहे," ते गाडीत बसताना म्हणाले. "पण त्याले मोजता येत नाही."

शेवटी मिळाली एक. जुनी, राखाडी, कुणाचीही मान वळणार नाही अशी. तिला कॅरॅव्हॅन जोडून आम्ही शहराबाहेरच्या वजनकाट्यावर गेलो. पूर्ण भारानं वजन करायचं होतं आणि भार ईस्ट टामाकीला होता. म्हणून मागच्या सीटवर तांदळाची आणि कणकेची पोती बसवली होती, पट्टे लावून, वर चिकटपट्टीवर नावं लिहून. मी अनिकेतच्या जागी. "तुम्ही तीन किलो कमी पडून राहिले," असं म्हणून काकांनी माझ्या मांडीवर हरभऱ्याच्या डाळीची पिशवी दिली. काट्यावरच्या बाईनं "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करत खिडकीतून आत पाहिलं, पट्ट्यातल्या सूनबाई पाहिल्या आणि हसून विचारलं, "वेअर्स द फॅमिली?"

"ऑन द वे," काका म्हणाले.

सगळी वजनं मर्यादेत बसली. ती पावती त्यांनी फ्रिजवर लावली. माणसं पदवीचा फोटो लावतात तशी.

पहिल्या उन्हाळ्यात रियाच्या पोहण्याच्या स्पर्धा निघाल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात गोदामाचं स्थलांतर. तो फोन आला तेव्हा मी तिथंच होतो आणि मला सगळं ऐकू आलं, कारण फोन स्पीकरवर होता. काकांना दोन्ही हात मोकळे लागत, लिहायला. "हीप्स ऑफ वर्क, बाबा. नेक्स्ट समर, प्रॉमिस." काका मराठीत म्हणाले, "ओमचं वजन वाढलं असंल आता." पलीकडून इंग्रजीत उत्तर आलं की, हो, थर्टी असेल. अनिकेतला मराठी सगळं समजे. बोलणं त्यानं शाळेच्या पहिल्या वर्षी सोडलं होतं. काकांनी कागदावर चोवीस खोडून तीस केले. फोन ठेवल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली. मला म्हणाले, "तुमची काकू होती तोवर समोर वजन होतं, पुणेकर. आता सारं मागं गेलं."

अशा वेळी बोलण्यासारखं जे असतं ते भाषणासारखं होतं.

फेब्रुवारीत, इथला उन्हाळा संपता संपता, ते एकटेच निघाले. तांदूळ मला दिले; पुढचं वर्षभर मी त्यांच्या सुनेचा आणि नातवंडांचा भात खाल्ला. निघण्याआधी त्यांनी मला कॅरॅव्हॅन आतून दाखवली. मागच्या दोन्ही बिछान्यांवर धुतलेल्या चादरी ताणून घातल्या होत्या आणि प्रत्येकावर एकेक उशी. "रिकामे राहिलेलेच बरे," माझी नजर पाहून ते म्हणाले. "मागं वजन नको." मग खिडकीतून हात बाहेर काढून, "जयभीम, पुणेकर." मी जयभीम म्हटलं. वळणावर कॅरॅव्हॅन जरादेखील हलली नाही.

अधूनमधून फोटो येत : तळं, डोंगर, दोन खुर्च्या. एप्रिलमध्ये दक्षिण बेटावरच्या एका तळ्याकाठी, सकाळचा चहा ठेवताना ते गेले. अंत्यसंस्कार ऑकलंडला झाले. मंडळाच्या अध्यक्षांनी श्रद्धांजलीत त्यांना 'वजनदार व्यक्तिमत्त्व' म्हटलं. काकांनी विचारलं असतं, किती?

शाळेच्या सुट्टीत अनिकेतचा फोन आला. तो कॅरॅव्हॅन आणायला गेला होता, बायको आणि मुलांसह. चौघंही यूटमध्ये होते. परतीच्या वाटेवर, काइकोरा गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला थांबून बोलत होता. कॅरॅव्हॅन शेपटी हलवल्यासारखी डोलतेय, सेव्हन्टीच्या वर गेलं की सगळी गाडीच ओढून नेते, मुलं घाबरलीत. बाबांचं सामान कुठं ठेवलंय, मी विचारलं. "इन द बंक्स. टूल्स, बुक्स, एव्हरीथिंग." म्हणजे अगदी मागे, मुलांच्या बिछान्यांवर. मग म्हणाला, पुढच्या कपाटाच्या दारावर बाबांनी मराठीत काहीतरी लिहून चिकटवलंय, मला वाचता येत नाही, फोटो पाठवलाय.

तोच वळणदार ळ. मी वाचून दाखवलं : "अनिकेत, जड सामान पुढे. मागे ठेवशील तर उलाळ."

"उलाळ व्हॉट? व्हॉट्स दॅट?"

याला इंग्रजीत काय म्हणायचं, मी विचार करू लागलो. एखाद्या वाक्यात बसेना. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता आणि ओम काहीतरी विचारत होता. मग मला आठवलं, आणि मी पुण्याचा ळ सोडून दिला.

"उलाय," मी म्हटलं.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग त्याचाच आवाज, फोनपासून लांब, मुलांसाठी : "रिया, ओम, चला. सगळं समोर आणा. उलाय होऊन राहिली."