साडूंच्या डोळ्यातलं अस्वल

दुसऱ्याच्या दुखण्याला आमच्या अंबडच्या साडूंइतक्या हौसेने जाणारा माणूस सगळ्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. नात्यात कुणाला ठसका लागला तरी हे इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून हजर. तीर्थपुरीच्या आत्याबाईंची दाढ काढायची होती, तर डॉक्टरांनी "आ करा" म्हणताच आत्याबाईंच्या आधी यांनीच तोंड उघडलं. रोग्याची भीती मोडावी म्हणून आधी स्वतःला तपासून घ्यायचं, हा त्यांचा नेमच. "पहिले माझं पाहा, मंग पेशंटचं!" माझ्या बायकोच्या सोनोग्राफीच्या वेळी मात्र त्यांना समजूत घालून बाहेर बसवावं लागलं.

मी चारचौघांत वाघ. पण डोळ्यात औषधाचा थेंब पडणार म्हटलं की माझ्या पापण्या बंदच्या दिवशी दुकानं मिटावीत तशा मिटतात. त्यामुळे जालन्याला डोळे दाखवायचं ठरलं, तेव्हा आधी साडूंना फोन केला.

"घाबरून राह्यले काय, साडूभाऊ?"

"छे! तुमची आठवण आली."

"बराबर. सगळ्यांना तवाच येते."

दवाखान्यात दोघांच्याही डोळ्यांत थेंब पडले. माझं डोकं धरायला सिस्टरबाईंना साडूंची मदत घ्यावी लागली. मग नेमाप्रमाणे साडू आधी यंत्रापुढे बसले. "बघा, बिलकुल काही होत न्हाई," असं ते मला सांगत असतानाच तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई थबकल्या. त्यांनी भिंग बदलून पुन्हा पाहिलं. "आत पडद्यावर काळे डाग आहेत. मोठ्या डॉक्टरांना बोलावते," म्हणून त्या बाहेर गेल्या.

साडूंनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग हळूच म्हणाले, "साडूभाऊ, डोळा जाईल का हो?"

लग्नाच्या पंगती हसवणारा मी, पण त्या घडीला मला सुचलं ते इतकंच, "इथं पंखा चांगला आहे, नाही?"

मोठे डॉक्टर आले, त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि हसले. "जन्मापासूनचे डाग आहेत. अंगावर तीळ असतो ना, तसेच. नजरेला काही धोका नाही. अशा पुंजक्यांना आम्ही अस्वलाची पावलं म्हणतो."

"अस्वलाची?" साडू ताठ बसले. "म्हंजी जन्मापासून अस्वल फिरून राह्यलं, अन् मालकालाच खबर न्हाई?"

माझ्या डोळ्यांत चष्म्याच्या नंबराखेरीज काही निघालं नाही. साडूंना माझी कीव आली. "असू द्या. सगळ्यांच्या नशिबात न्हाई ऱ्हात."

परतीच्या बसमध्ये त्यांनी अस्वल कंडक्टरला सांगितलं, पुढच्या बाकावरच्या आजींना सांगितलं. सांगायला कुणी उरलं नाही तेव्हा खिडकीकडे तोंड करून बसले. थेंबांचा अंमल अजून उतरला नव्हता; उन्हाने आमच्या दोघांचेही डोळे दिपत होते. कधीतरी त्यांनी माझा हात धरला होता, तो सोडायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"हरभरा झकास दिसून राह्यला औंदा," ते म्हणाले.

बाहेर हरभरा होता, तूर होती की नुसतं माळरान, मला काहीच कळत नव्हतं.

"एक नंबर," मी म्हणालो.