आधी रुबीना बोलणार

शुक्रवारी संध्याकाळी चार वाजून चाळीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण साडेचारला मी माझ्या लेकीला, झोयाला, तापाचं औषध पाजलं होतं आणि ताप उतरतो का ते बघायला दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

त्यानंतर दोन वर्षं झाली. एका घरात दर शुक्रवारी चार माणसं जमली की किस्से आपोआप साठतात. आपण काही जमवायला जात नाही. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुड्या साठतात ना, तसं. अश्रफ म्हणतो, "रुबी, फोनवर बहिणीला तेच तेच सांगतेस, एकदा लिहून टाक." म्हणून लिहिते. मी सातवी शिकलेली. शुद्धलेखनाचं तुम्ही बघून घ्या.

अश्रफ माझा नवरा. इथे मस्कतमध्ये, वादी कबीरला एका गॅरेजमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. मी घरी समोसे, सांदण करून ऑर्डरप्रमाणे देते. त्या दिवशी ऑर्डर होती मदिनत सुलतान काबूसला, कांबळे सरांच्या बंगल्यावर. अश्रफ आम्हाला सोडून पुढे एका कामाला गेला आणि आम्ही दोघी तिथेच अडकलो.

कांबळे सर इंजिनियर, नागपूरचे, बायको त्याच्या दोन वर्षं आधी वारलेली. त्यांच्याकडे जुन्या जॅझच्या रेकॉर्डी आहेत, आणि त्या ऐकायला दर शुक्रवारी त्यांच्या घरी मंडळ जमतं. त्यातही एक खास कपाट आहे. अमेरिकेत गाणी लिहिणारा एक माणूस होऊन गेला, त्याच्याच गाण्यांचे अल्बम तेवढे त्यात. एक गाणारी घ्यायची आणि अख्खी रेकॉर्ड त्याच्याच गाण्यांची करायची, असे सात अल्बम. कव्हरवर फोटो बाईचा, पण मोठ्या अक्षरात नाव त्याचं! ते नाव मला नीट उच्चारता येत नाही. मंडळात सगळे त्याला म्हातारबा म्हणतात, मीही म्हणते.

आणि एक नियम. गाणं लावायच्या आधी सर एकेक ओळ समजावून सांगणार. मग गाणं. मग ज्याला इंग्रजी सर्वांत कमी येतं, त्याने आधी बोलायचं. शहाणे आधी बोलले की बाकीचे माना हलवतात, म्हणून.

त्या दिवशी सरांनी खोलीभर नजर फिरवली. मी झोयाच्या कपाळावर हात ठेवून कोपऱ्यात बसलेली.

"तुम्ही बोला," सर म्हणाले.

गाणं असं होतं : बाई नवऱ्याचा शर्ट इस्त्री करतेय. तो शर्ट घालून तो दुसरीकडे जाणार आहे, हे तिला ठाऊक आहे. तरी ती घडी नीट घालते.

मी म्हटलं, "कॉलर जाळायची होती."

मला वाटलं, गेली ऑर्डर! मग समोर बसलेले अबू नासिर एवढे हसले की त्यांच्या हातातला समोसा खाली पडला. झोयाचा ताप सहा वाजता उतरला.

* * *

अबू नासिर ओमानी आहेत, बँकेतून रिटायर झालेले. हिंदी आपल्यापेक्षा चांगली बोलतात. म्हातारबाची गाणी ते अरबीत करून वहीत लिहितात.

एकदा चार ओळींचं गाणं होतं. सरांनी मराठीत अर्ध्या मिनिटात सांगितलं. अबू नासिर अरबीत वाचायला लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. झोया झोपली. वीस मिनिटांनी त्यांनी पान उलटलं.

सर म्हणाले, "अबू नासिर, मूळ गाणं चार ओळींचं आहे."

अबू नासिर चष्म्यावरून बघत म्हणाले, "कांबळे साब, अरबी में मोहब्बत चार लाइन में खलास नहीं होती!"

* * *

चौथ्या म्हणजे फिलोमिना आंटी. गोव्याच्या, सत्तरीच्या. एके काळी मस्कतच्या हॉटेलात गायच्या. मंडळात त्यांना रेकॉर्डबरोबर गायला बंदी आहे, आणि त्यांना तर राहवत नाही. म्हणून गाणं सुरू झालं की त्या तोंडात समोसा घालतात. लांब गाणं असेल तर दोन. ऑर्डर दर शुक्रवारी का असते, ते मला तेव्हा कळलं.

आंटींनी एकदा सांगितलं, की हॉटेलात म्हातारबाचं गाणं गाताना मधलं कडवं साफ विसरल्या. बँड थांबेना. समोर टेबलावर मेन्यू कार्ड होतं. आंटींनी तेच गायलं! सूप, मासळी, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. कस्टर्डला त्यांनी आवाज असा काही वर नेला की एक गोरी बाई रुमालाने डोळे पुसायला लागली.

सरांना ते लागलं. "आंटी, त्याने एकेका शब्दासाठी रात्री काढल्या असतील!"

"अरे बाबा, तो पण पोटासाठीच लिहीत होता," आंटी म्हणाल्या, "मी फक्त सरळ सांगितलं."

* * *

आता माझी चूक सांगते, ती लपवून उपयोग नाही.

मला जंतूंची भीती आहे. माझ्या पर्समध्ये थर्मामीटर, औषधाचा चमचा आणि ओल्या वाइप्सची दोन पाकिटं कायम असतात. झोया झाली तेव्हा पंधरा दिवस काचेच्या पेटीत होती. तेव्हापासून असंच आहे. अश्रफ हसतो, पण वाइप्स संपले की न सांगता आणतो.

एका शुक्रवारी सर चहा टाकायला आत गेले आणि झोयाने टेबलावरची रेकॉर्ड दोन्ही हातांनी धरून तिला जीभ लावली. मी आधी झोयाचं तोंड पुसलं. मग रेकॉर्ड पुसली. दोन्ही बाजूंनी, नीट दाबून, तीन वाइप्स घेऊन!

सर चहा घेऊन आले. त्यांनी ओली रेकॉर्ड बघितली. ट्रे अगदी हळू खाली ठेवला.

"रुबीना," ते म्हणाले, "ती साठ वर्षांची आहे. तिला आता काही होणार नाही असं मला वाटत होतं."

मला रडू आलं. सरांनी रेकॉर्ड वाळवून लावली. गाणाऱ्या बाईच्या मागे तडतड तडतड आवाज यायला लागला. फिलोमिना आंटी म्हणाल्या, "पूर्वी ती हॉलमध्ये गात होती. आता माझ्यासारखी हॉटेलात गातेय, मागे कुणीतरी कांदे तळतंय."

सर हसले. पण पुढच्या शुक्रवारी रेकॉर्डींचं कपाट दोन फूट वर गेलं होतं.

* * *

सातही अल्बममध्ये एक गाणं सगळ्यांत आहे. बाई रोज जेवायला दोन ताटं मांडते. माणूस गेलाय, पण हाताची सवय. एवढंच.

सरांनी एकदा त्यातले तीन लागोपाठ लावले. तीन बाया, शब्द तेच, कानामात्रेचा फरक नाही. मग म्हणाले, "बोल रुबीना, काय फरक?"

मी म्हटलं, "पहिलीचा माणूस परत येणार आहे. दुसरीचा येणार नाही, आणि तिला ते माहीत आहे."

"आणि तिसरी?"

"तिसरीचा आला तर ती त्याला जेवायला वाढणार नाही."

सरांनी तिसरी रेकॉर्ड पुन्हा लावली आणि डोळे मिटून ऐकली. मग वही काढून माझं वाक्य लिहून घेतलं, खाली माझं नाव घातलं. शाळा सोडल्यापासून माझं नाव कुणी वहीत लिहिलं नव्हतं. मी आपली समोशाचा डबा बंद करत बसले.

* * *

पण या सगळ्या काळात माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं, ते म्हणजे झोयाची शाळा. केजीच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, आईचं शिक्षण. तो मला झोपेतसुद्धा दिसायचा. ज्या शाळेत आम्हाला घालायचं होतं, तिथे मुलाला आईबापांसकट भेटायला बोलावतात. मुलाखत नाही म्हणतात, नुसती भेट. आमच्या बिल्डिंगमधली एक बाई म्हणाली, "भेट कसली! आई शिकलेली नसेल तर घरी अभ्यास कोण घेणार, हेच बघतात." झालं! माझ्यामुळे पोरीची जागा जाणार, हे मी मनात पक्कं करून टाकलं.

मंडळात फॉर्म सगळ्यांच्या हातून फिरला.

फिलोमिना आंटी म्हणाल्या, "दहावी लिही गो. कोण बघायला येतंय?"

अबू नासिर म्हणाले, "खाली छोड़ो. इन्शाल्ला, वो समझेंगे भूल गई."

सर म्हणाले, "सातवी आहे तर सातवी लिही. आणि अक्षर चांगलं काढ."

मी सातवी लिहिलं. मग आंटी चार शुक्रवार शाळेच्या मोठ्या मॅडम होऊन खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडून इंग्रजी वाक्यं घोकून घेतली. माय डॉटर लाइक्स कलरिंग. माय डॉटर ईट्स व्हेजिटेबल्स. दुसरं वाक्य खोटं होतं, पण म्हणायला सोपं होतं.

* * *

भेटीच्या दिवशी अश्रफने लग्नातला कोट घातला. मी सकाळपासून झोयाचा ताप चार वेळा बघितला.

केजीच्या मोठ्या मॅडम उंच, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी फॉर्म वाचला. आईच्या रकान्यावर बोट थांबलं, असं मला वाटलं. अश्रफ म्हणतो, थांबलं नाही. मला एकही प्रश्न विचारला नाही. सगळी घोकलेली वाक्यं तोंडातच राहिली.

मॅडमनी झोयाला विचारलं, "पापा क्या करते हैं?"

"एसी."

"और मम्मी?"

झोया म्हणाली, "मम्मी सबसे पहले बोलती है."

"कहाँ?"

"म्यूझिक में. अंकल गाना बंद करके मम्मी को पूछते हैं. फिर सब लोग बोलते हैं."

मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग मला सांगावंच लागलं, शुक्रवार, म्हातारबा, सात अल्बम, नियम, सगळं, मोडक्यातोडक्या हिंदीत. मॅडमना मजा वाटली असावी. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेच्या फ्रेममध्ये शाळेचं गाणं लावलं होतं, इंग्रजीत, दोन कडव्यांचं.

"तो इसके बारे में भी बोलिए," त्या हसत म्हणाल्या.

मी म्हटलं, "पहले मतलब बताइए."

अश्रफने टेबलाखाली माझ्या पायावर बूट ठेवला. पण मॅडमनी खरंच ओळीओळीने अर्थ सांगितला. पहिल्या कडव्यात लांबलांबच्या गावांची मुलं समुद्र ओलांडून येतात, दप्तरं घेऊन दार ढकलतात, आत येतात, आणि आत एकमेकांची नावं शिकतात. दुसऱ्यात ज्ञान, शिस्त, मशाल, शिखर, असं बरंच काही होतं.

मॅडम थांबल्या. त्या थांबल्या की मी बोलायचं, ही दोन वर्षांची सवय.

"पहला बहुत अच्छा है," मी म्हटलं. "दूसरा नहीं चाहिए."

"क्यों?"

"पहले में बच्चे अंदर आ गए, मॅडम. दूसरे में आपने सबको फिर बाहर खड़ा कर दिया. भाषण सुनने को."

अश्रफचा बूट आता माझ्या पायावर जोरात दाबला गेला. मॅडमचं हसू गेलं. त्या फ्रेमकडे बघत म्हणाल्या, "पंद्रह साल से गा रहे हैं." मग त्यांनी आमच्या फॉर्मवर काहीतरी लिहिलं, हाताने झाकून, आणि म्हणाल्या, "थँक यू. आप लोग जा सकते हैं."

जिन्यात अश्रफ थांबला. घाम पुसला.

"रुबी, फ्रेमच्या खाली नाव वाचलंस?"

"नाही. का?"

"गाणं तिनेच लिहिलंय."

मी जिन्यातच बसले. झोयाने पर्समधून वाइप काढून माझं तोंड पुसलं.

तीन आठवडे शाळेचा मेसेज आला नाही. तीन शुक्रवार मी मंडळात सगळ्यांत आधी काही बोललेच नाही. माझं नाव आलं की मी म्हणायचे, "चांगलं आहे." सर नुसती रेकॉर्ड बदलायचे. चौथ्या सोमवारी मेसेज आला, जागा मिळाली म्हणून. कशी मिळाली, का मिळाली, ते त्यात लिहिलं नव्हतं, आणि आम्हीही विचारायला गेलो नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी झोयाला आत सोडून मी फाटकाला धरून उभी राहिले. इतर आया गेल्या. वॉचमन म्हणाला, "यल्ला, मॅडम, घर जाओ." मी म्हटलं, दोन मिनिटं. आत भोंग्यावर शाळेचं गाणं लागलं. शेकडो मुलं गात होती. समुद्र ओलांडला, दार ढकललं, आत आली, एकमेकांची नावं शिकली. मी दुसरं कडवं ऐकायला कान देऊन थांबले.

गाणं तिथेच संपलं आणि घंटा झाली. मुलं वर्गात गेली.

हे शाळेत कुणाला सांगू नका. पण शुक्रवारचं मात्र सांगा : साडेचार वाजता, मदिनत सुलतान काबूस, दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. इंग्रजी येत नसलेलं कुणी ओळखीचं असेल तर आधी त्याला कळवा.