आगबोट बंगला आणि कुबराबीचा जवळा

आमच्या काशीदमधला आगबोट बंगला विकायला निघाला तेव्हा सगळ्यात जास्त धावपळ केली ती कुबराबीने. आणि तो विकला गेला तर सगळ्यात आधी बेघर होणार होती तीही कुबराबीच. मी किराणा दुकानदार माणूस. अशी माणसं माझ्या तराजूत कधी बसली नाहीत.

बंगला मुंबईच्या करमअली शेठनी बांधला. त्यांची बायको रेहानाबीबी छातीने अधू, आणि डॉक्टरने समुद्राची हवा सांगितलेली. विलायतेत शिकून आलेल्या एका तरुण आर्किटेक्टने नकाशा काढला. पुढची भिंत बोटीच्या नाळीसारखी, म्हणजे तिच्या पुढच्या तोंडासारखी, गोल, खिडक्याही गोल, जिन्याला लोखंडी नळ्यांचा कठडा. म्हणून गावाने नाव ठेवलं आगबोट. आणि वर कौलं नाहीत, सपाट सिमेंटची गच्ची! कोकणच्या पावसात सपाट छप्पर घालणाऱ्याची अक्कल काढायला सगळं गाव रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर जमायचं आणि त्यात मी पुढे असायचो. दोन पावसाळे गेले, गच्ची गळली नाही. तेव्हा आम्ही विषय बदलला.

कुबराबीचा नवरा मुश्ताक मचव्यासकट बुडाला होता. सासरच्यांनी तिला पांढऱ्या पायाची ठरवून दार लावून घेतलं. रेहानाबीबीने तिला आधी स्वयंपाकाला ठेवलं, मग बंगल्यामागच्या दोन खोल्या राहायला दिल्या आणि शेवटी शेवटी तर तिच्यावाचून बीबीचा घोट घशाखाली उतरेना. बीबीचं नाव निघालं की कुबराबी आधी डोळ्यांना पदर लावायची आणि मग बोलायची.

एकदा जेवताना बीबीच्या दाताखाली जवळ्यातली, त्या बारीक सुक्या कोळंबीतली, वाळू कचकन आली. तिने जवळा विकणाऱ्या गोदू कोळणीला बोलावून घेतलं.

गोदू म्हणाली, "रेतीवर सुकवतो बीबी, मंग रेती येनारच. आमच्याकडं दुसरी जागा हाय कुटं?"

"एवढी गच्ची रिकामी पडलीय ना," बीबी म्हणाली. "उद्यापासून वर सुकवा. मी असेन नसेन, हे घर तुम्हाला नाही म्हणणार नाही."

त्या दिवसापासून गावातल्या बाया टोपल्या घेऊन नळ्यांच्या कठड्याला धरून वर जाऊ लागल्या. मुरुडच्या बाजारात काशीदचा जवळा म्हणजे बिनवाळूचा, असं नाव झालं. ज्या घरांत दिवाळीला नवं लुगडं ठाऊक नव्हतं त्या घरांत ते येऊ लागलं. वासाने माझ्या दुकानातला गूळसुद्धा जवळ्याचा लागायचा, पण तक्रार करायची कोणाकडे? गिऱ्हाइकं त्याच बाया होत्या.

पुढे बीबी गेली. मग मंदी आली आणि शेठचा धंदा बसला. ते स्वतः आगबोटीने आले, गोल खिडकीपाशी पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "कुबरा, घर विकायचं आहे. येणाऱ्याला नीट दाखव."

"दाखवते शेठ. तुमचं मीठ खाल्लंय," ती म्हणाली. स्वतःच्या दोन खोल्यांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

पहिलं गिऱ्हाईक मुंबईचे एक भाटिया शेठ, शुद्ध शाकाहारी. शेठनी नेमलेल्या चंदर दलालाचा निरोप आला तशी कुबराबी माझ्याकडे धावत आली. जवळ्याचा वास घालवायला माझ्याकडचा होता नव्हता तेवढा लोबान तिने नेला आणि प्रत्येक खोलीत, प्रत्येक कोपऱ्यात धुरवला. भाटियांच्या बायकोने उंबऱ्यावरच पदर नाकाला लावला.

"एवढा धूर? इथं कोणी वारलंय का?"

कुबराबीला खोटं कुठून येणार! "व्हय ना बाई. आमची बीबी. ह्याच खोलीत," असं म्हणून ती ढसाढसा रडू लागली. घर झपाटलेलं आहे अशी पाहुण्यांची खात्रीच पटली. गाडीचे बैल सोडलेलेसुद्धा नव्हते, तीच गाडी माघारी गेली.

दुसरे पुण्याचे वकील. या वेळी उपाय गोदूने सांगितला. "लोबान नको. शेनानं सारव, सगळा वास मरतो." म्हणून त्या दोघींनी विलायती नमुन्याची गुळगुळीत लादी शेणाने सारवली. मातीच्या जमिनीत शेण मुरतं, लादीवर ते कुठे मुरणार? दमट दिवस, सारवण वाळलंच नाही. वकीलसाहेब दिवाणखान्यात शिरले आणि थेट समोरच्या भिंतीपर्यंत बसल्या बसल्या गेले. मी हसलो नाही असं म्हणणार नाही.

चंदर मात्र भडकला. साऱ्या गावादेखत त्याने कुबराबीला सुनावलं, "मुद्दाम करतेस तू. घर विकलं तर तुला थारा कुठला? म्हणून शेठला बुडवतेस."

कुबराबी पांढरीफटक पडली. तिला चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी तिने बायांना जवळा उचलायला सांगितला, गच्ची घासून धुतली, गाठोडं बांधलं आणि बंगल्याची चावी माझ्या हातावर ठेवली.

"सदूशेट, आता तुमीच दाखवा. मी मुरुडला भावाकडं जाते. मी इथं न्हाय म्हटल्यावर तरी घर खपंल. आनी मासळीचं कुनाला बोलू नका."

"आणि बीबीचा शब्द?" मी विचारलं.

"तोच तर मोडून चालले," ती म्हणाली. भावाच्या घरी तिला कसं वागवतात ते मला ठाऊक होतं. तिलाही होतं. तरी गेली. चंदरला मी त्या दिवसापासून उधार बंद केलं.

तिसरे आले अब्दुस्समद सारंग. श्रीवर्धनकडचे, उभी हयात गोऱ्यांच्या आगबोटींवर खलाशांचे मुकादम म्हणून काढलेले, आता किनाऱ्यावर टेकायला घर शोधत होते. बंगला बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"या खुदा! जन्म आगबोटीत गेला, आता मरायचं पन आगबोटीतच?"

गेलं गिऱ्हाईक, मी मनात म्हटलं. तरी गच्ची दाखवली.

"कोकनात सपाट गच्ची कशाला?" त्यांनी विचारलं.

"हवा खायला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पन्हाळीच्या तोंडाशी वाकले. कुबराबीच्या झाडूतून निसटलेला चिमूटभर जवळा तिथे अडकून वाळला होता. त्यांनी तो उचलला, फुंकला आणि तोंडात टाकला. चावता चावता थांबले.

"वाळू न्हाय," ते म्हणाले. "अम्मी डब्यात भरून द्यायची जवळा. परदेशात बंदराबंदरात खायचो, दर घासाला आपल्या किनाऱ्याची वाळू. ही कुनाची करामत?"

मला पुढे दम निघेना. बीबीचा दात, गोदू, लोबान, शेण, चंदर, गाठोडं, सगळं मी भडाभडा सांगून टाकलं. सारंग कठड्याला टेकून ऐकत राहिले.

"मग ती बाई कुटं हाय?"

"मुरुडला."

"गाडी जुंपा."

त्यांनी घर घेतलं. मुंबईला शेठना होकार कळवला तोही मुरुडहून परतल्यावर, कुबराबीला तिच्या खोल्यांपाशी उतरवून. ती आत जाईना. म्हणाली, "घर तुमचं झालं, मी कोन आता?"

सारंग म्हणाले, "घर घेतलं म्हंजे त्यातल्या बीबीचा शब्द पन घेतला. तुझ्या खोल्या तुझ्या. बायांना सांग, उद्या टोपल्या आना."

व्यवहार पुरा करायला करमअली शेठ आले तेव्हा गच्चीवर गुलाबी जवळा पसरला होता. कुबराबीने त्यांना तिथेच चटई घातली आणि तांदळाची भाकरी नि कांदा घालून परतलेला जवळा वाढला. शेठ पहिला घास चावून थांबले. वाळू आली की काय म्हणून कुबराबी घाबरली.

"नाही गं," शेठ म्हणाले. "वर भेटेल तेव्हा रेहानाला सांगायचं होतं, की तिची गच्ची विकली, पण तिचा शब्द नाही विकला. कुबरा, ते तुझ्यामुळे सांगता येईल." आणि त्यांनी, मुंबईच्या एवढ्या मोठ्या शेठने, कुबराबीला हात जोडले.

ती तोंडात पदर कोंबून खाली पळाली. परत आली ती जवळ्याचं भलंमोठं गाठोडं घेऊन. शेठ ते मांडीवर घेऊनच आगबोटीत बसले. शेजारच्या उतारूंनी नाकं दाबली आणि जागा बदलल्या. शेठनी गाठोडं काही खाली ठेवलं नाही.