एक्स्टेन्शन सत्तेचाळीस

माझी मावशी चौतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसली. खुर्ची तीच, उशी तीच आणि नियमही एकच: फोन करणाऱ्याला "माहीत नाही" म्हणायचं नाही. "थांबा, जोडते" म्हणायचं. जुन्या कागदांबद्दल कुणी विचारलं की ती एक्स्टेन्शन सत्तेचाळीस लावायची. तिथे, तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये एक माणूस बसायचा. कुठल्या वर्षाची कुठली फाइल कुठल्या फळीवर आहे हे त्याला तोंडपाठ. एकमेकांचं तोंड बघण्याआधी दोघं दोन वर्षं फोनवर बोलली आणि मग लग्नच करून मोकळी झाली. हे माझे काका. ते तिला आजही "ऑपरेटर" अशीच हाक मारतात.

म्हातारपणी दोघांची डोकी बिघडली, तीही एकाच वर्षी. इतक्या जोडीनं संसार करायची खरंच काही गरज नव्हती.

मावशीला सकाळचं दुपारी आठवेना. काकांना सगळं आठवे, पण लाजलज्जा, दयामाया पार उडाली. शेजारचे गृहस्थ वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो. मावशी त्यांच्या बायकोच्या गळ्यात पडून तिच्यापेक्षा जास्त रडली आणि जिना उतरताना मला विचारते, "कोण गेलं गं?" मागून काका येत होते, डोक्यावर मयताची आरामखुर्ची घेऊन.

"त्याला आता कशाला लागतेय?" काका म्हणाले.

खुर्ची परत करायला मीच गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी दोघांच्या मेंदूंची चित्रं शेजारी शेजारी लावली. मेंदूतले भाग म्हणे गट करून सतत एकमेकांशी बोलत असतात. मावशीच्या डोक्यात आठवणी सांभाळणाऱ्या गटाचं बोलणं तुटत चाललं होतं आणि भावना टिपणारा गट उलट जास्तच जोरात बोलत होता. काकांचं नेमकं उलटं. दोघांनाही डिमेन्शियाच, पण प्रकार वेगळे.

मावशी चित्राकडे डोळे बारीक करून बघत होती. "डॉक्टर, एक्स्टेन्शन मेलंय की मधली तार तुटलीय? त्यात फरक असतो."

"सध्या तारा म्हणा, आजी."

"मग दुसऱ्या बाजूनं फिरवून लावा की! आम्ही लावायचो."

डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही. दोन वर्षं मी या दोघांच्या मागे धावत होते, आणि खरं सांगते, मला झोप हवी होती. मी एका देखभाल केंद्राकडे दोघांचे अर्ज भरले. तिथे विसरणाऱ्यांची इमारत रस्त्याच्या अलीकडे होती आणि वागणं बिघडलेल्यांची पलीकडे. भेट रविवारी, तासभर. हे वाचूनही मी सही केली.

मग केंद्राच्या बाई घरी आल्या, कोण कुठे जाणार ते ठरवायला. त्यांनी मावशीला तीन शब्द सांगितले: कुलूप, पेरू, चादर. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून म्हणाल्या, "आता सांगा बघू ते शब्द."

मावशी जराही गडबडली नाही. "थांबा, जोडते." तिनं टीव्हीचा रिमोट कानाला लावला. "सत्तेचाळीस? बाईंना तीन शब्द हवेत."

समोरच्याच कोचावरून काका म्हणाले, "कुलूप, पेरू, चादर. आणि पेरू म्हणताना बाईंनी नाकात बोट घातलं."

"माफ करा हं," मावशी बाईंना म्हणाली, "लाइनवर खरखर आहे."

मग काकांची पाळी. बाईंनी एका रडणाऱ्या बाईचा फोटो पुढे धरला. हिला काय वाटतंय?

काका बराच वेळ बघत राहिले. "दात दिसतायत. हसत असेल." मग त्यांचं त्यांनाच काही पटेना. "ऑपरेटर, जरा बघ गं."

मावशीनं फोटो पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. "अहो, हिचं कोणीतरी गेलंय."

"लिहा," काका बाईंना म्हणाले. "कोणीतरी गेलंय."

बाईंच्या कागदावर अशा उत्तरांना जागाच नव्हती. एकमेकांचं बघून सांगायचं नाही, असं म्हणून त्यांनी मावशीला स्वयंपाकघरात बसवलं आणि दार लावून घेतलं. मग दोघंही सपशेल नापास. मावशीला एकही शब्द आठवला नाही. काकांना एकही चेहरा कळला नाही. बाईंनी एका अर्जावर अलीकडची इमारत लिहिली, दुसऱ्यावर पलीकडची. शेवटी मावशीला बाहेर आणून त्यांनी काकांना विचारलं, "आजोबा, तुम्हाला आजींपासून वेगळं राहायला चालेल ना?"

"चालेल," काका म्हणाले, आणि बशीतलं बिस्किट उचललं. बाईंनी तेही आपल्या कागदावर लिहून घेतलं.

मावशी एकदम हुंदके द्यायला लागली. बाई घाबरल्या. "काय झालं आजी?"

"मला काय माहीत?" मावशी पदरानं नाक पुसत म्हणाली. काय विचारलं होतं ते ती एव्हाना विसरली होती. "माझं नाहीये हो हे. सत्तेचाळीसमधून येतंय."

मी टेबलावरचे दोन्ही अर्ज उचलले, बाईंच्या डोळ्यांदेखत फाडले आणि चुरगळून मुठीत धरले. झोपेचं काय करायचं ते बघू म्हटलं.

काका बिस्किट हातातच धरून मावशीकडे बघत होते, मघाशी फोटोकडे बघत होते तसेच.

"ही रडतेय का गं?" त्यांनी मला विचारलं.

"हो, काका."

"मग मला वाईट वाटत असणार," ते म्हणाले. "बाई, ते माझं 'चालेल' खोडा."