ताटाखालचं ओलं फडकं

आमच्या शेजारचा माणूस नौदलात आहे. वर्षाकाठी एकदा सुट्टीवर सिंदेवाहीला येतो. बोलताना पाय फाकवून उभा राहतो, पाण्याचा पेला अर्धाच भरतो. जेवायला बसण्याआधी एक फडकं ओलं करतो, घट्ट पिळून फरशीवर अंथरतो आणि त्यावर ताट ठेवतो. जहाज डोललं तरी ताट घसरत नाही म्हणे. पण इथं धानाच्या बांध्यांत घोट्याएवढं पाणी साचतं, तेवढाच आमचा समुद्र.

"भाऊ, इथी काय हालून राह्यलं?" यंदा मी चिडूनच विचारलं.

"काईच नाई जी," तो हसून म्हणाला, आणि डाव्या हातानं ताट धरूनच लाखोळीचं वरण-भात खात राहिला.

"घरी आले तं घरच्यावानी जेवा ना," त्याची बायको म्हणाली. तिचं ताट कोरड्या फरशीवर होतं. त्या फडक्याचा तिला भारी राग. मला तो पटायचा.

परवा तो जहाजावर परत गेला. काल दुपारी मी त्यांचा विळा परत द्यायला गेलो, तर त्याची बायको आणि मुलगी जेवत होत्या. दोघींच्याही ताटाखाली ओलं फडकं. मी बघतच राहिलो.

त्याची बायकोही गोंधळली. "काऊन करून राह्यली, मले बी समजत नाई जी," ती म्हणाली. "ते घरी असले का राग येते या फडक्याचा. अन् गेले का ताटच हालल्यासारखं वाटते."